वगळलेल्या मुलाचे गुण

"सर, ही कंबर कुनाची?"

भोपीताईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. अंबरनाथ पूर्वेच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, तिथल्या शिक्षक-खोलीच्या दारात एक पन्नाशीची बाई उभी होती. गळ्यात मोजमापाची टेप, पदर कमरेला खोचलेला, बोटांची टोकं निळी पडलेली. हातात नववीची गृहपाठाची वही, आणि तिचं उघडं पान माझ्या नाकासमोर. नमस्कार नाही, ओळख नाही, आत येऊ का नाही.

गणित साधं होतं. एका दुकानात विकल्या गेलेल्या दहा पँटींच्या कमरेची मापं दिलेली. त्यांचा मध्य, मध्यक आणि बहुलक काढायचा, आणि दुकानदाराने कोणत्या मापाचा माल मागवावा ते लिहायचं. सायली भोपी नावाच्या मुलीने मध्य काढला होता बत्तीस पूर्णांक सहा दशांश, आणि खाली लिहिलं होतं, 'दुकानदाराने ३२.६ मापाच्या पँटी मागवाव्यात.' त्याच्यावर मी बरोबरची खूण केली होती. चोपन्न वह्या होत्या. बेरीज आणि भागाकार बरोबर दिसला की हात आपोआप खूण करतो, हे कुठलाही शिक्षक खासगीत कबूल करेल.

"मी सायलीची आत्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात कटिंग करतंय, बावीस वर्सं झाली," बाई म्हणाली. "बत्तीस पॉइंट सहा कंबर मी अजून बघितली नाय. तुमी बघितली असंल तर मना दाखवा."

मी म्हणालो, मालासाठी बहुलक घ्यायला हवा, सर्वांत जास्त वेळा आलेलं माप, म्हणजे बत्तीस, मुलीचं चुकलंय.

"मुलीचं चुकलं, ते मना कललं. खूण कुनी केली?"

मला राग आला. चूक माझीच होती म्हणून जरा जास्तच आला. पण त्या बाईने वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली, माझं लाल पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि मी खूण खोडेपर्यंत ती हलली नाही.

भोपीताईंना जाऊन आता दीड वर्ष होईल. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही. कारण ताई आठवल्या की मला आधी त्यांचा राग आठवतो, मग माझा, आणि मग ज्या गोष्टीचा आम्हा दोघांना राग होता ती गोष्ट आजही आमच्या शाळेत दर मे महिन्यात बिनबोभाट चालते, हे आठवतं.

ताई मूळच्या अंबरनाथला लागून असलेल्या मोरिवलीच्या, आगरी घरातल्या. गावाची भातशेती कारखान्यांत गेली. मग घरातले पुरुष त्याच कारखान्यांत कंत्राटावर लागले आणि ताई उल्हासनगरला कापड कापायला गेल्या. लग्न झालंच नव्हतं की होऊन मोडलं होतं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मलाच दोन प्रश्न विचारले असते. भाऊ बाळाराम, वहिनी आणि भाची सायली यांच्यासोबत त्या राहायच्या. कारखान्याचा सिंधी मालक त्यांना 'अदी' म्हणजे थोरली बहीण म्हणायचा आणि कारागीर 'मास्टरजी' म्हणायचे. बाई असून कटिंग मास्टर झालेल्या मला माहीत असलेल्या त्या एकट्याच.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्यामुळे दर शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी ताई हजर. सहकारी शिक्षक मला डोळा मारून म्हणायचे, "जा, तुमची शुक्रवारची बाई आलीय." सायलीचा आठवड्याचा गृहपाठ ताईंनी आधी स्वतः सोडवलेला असायचा. वहीत नव्हे, डेनिमच्या कातरणांवर, खुणेच्या पांढऱ्या खडूने. पिशवीतून त्या एकेक कातरण काढून टेबलावर मांडायच्या आणि त्यावर बीजगणित असायचं. त्या स्वतः दहावीला गणितात दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा कुणी बसू दिलं नाही.

दोन नळ आणि एका टाकीचं गणित त्यांनी अचूक सोडवलं आणि मग माझ्याशी पाऊण तास भांडल्या. "हा नल सहा तास चालू, तो नल आठ तास चालू. कंच्या गावात? आमच्याकडं पानी एक तास येतं, त्याच्यात पन शेजारचा मोटार लावतो." मी सांगितलं की हे कल्पनेतले नळ आहेत. "मंग कल्पनेतल्या पोरांना शिकवा," त्या म्हणाल्या. तरी पुढच्या शुक्रवारी त्या तेच गणित घेऊन आल्या. शेजारची मोटार त्यात घातली होती, ती किती पाणी ओढते त्याला y मानलं होतं, आणि समीकरण बरोबर मांडलं होतं.

समीकरण शिकवायची त्यांची तऱ्हा मी नंतर बिनदिक्कत चोरली. "एक्स म्हंजे बांधलेला गठ्ठा," त्या सायलीला सांगायच्या. "आत किती पीस ते सोडल्याशिवाय नाय कलायचं. घाबरायचं कनाला? दोरी सोडायची." आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंबद्दल, "दोनी पाय सारके काप. हिकरून पाच कापलंस तर तिकरून पन पाच काप. नायतर पँटचा एक पाय आखूड आनि गिऱ्हाईक दारात." बाजू बदलली की चिन्ह बदलतं, असं मी पंधरा वर्षं पोरांना पाठ करायला लावत होतो. का बदलतं, ते या बाईने दोन वाक्यांत सांगितलं. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही हसली, आणि हसून झाल्यावर त्यांना गणित आलं.

खोडरबर त्यांना चालायचं नाही. चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ मारायची, खालची चूक दिसली पाहिजे. "कापड चुकीचं कापलं तर ते दिसतंच ना? मंग वहीत कनाला लपवायचं?" सायलीची वही अशा रेघांनी भरलेली असायची. सायली हुशार नव्हती. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण ताईही हेच म्हणायच्या. "हुशार नाय, पन सोडत नाय." नववीच्या शेवटी तिला गणितात छत्तीस पडले आणि बाकी विषयांत चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे पास. नीट लक्षात ठेवा, मुलगी पास झाली होती.

त्याच्या महिनाभर आधी गृहपाठात मी एक गणित दिलं होतं. पुस्तकातल्या धर्तीचंच. 'दहा मुलांच्या गुणांचा मध्य ५० आहे. सर्वांत कमी गुण मिळवणारा मुलगा वगळल्यास उरलेल्या मुलांच्या गुणांचा मध्य ५४ होतो. तर वगळलेल्या मुलाचे गुण काढा.' ताई आल्या, कातरण ठेवलं. पाचशे वजा चारशे शहाऐंशी, चौदा. उत्तर बरोबर होतं. पण त्या उठेनात.

"उत्तर चौदा. पन त्याला वगलला कनाला?"

"अहो ताई, गणित आहे ते."

"ते कललं. चौदा मार्कांचा पोरगा भायेर उभा केला, लगेच वर्ग पन्नासचा चोपन्न झाला. त्या नऊ जनांत कोन काय जास्ती शिकला? कोनी नाय. मंग चार मार्क आले कुठून?"

मी घड्याळ बघितलं. मला घरी, बदलापूरला, जायचं होतं. मी म्हणालो, "एवढा विचार नका करू." हे वाक्य मी गणिताचा शिक्षक असून बोललो.

आता सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. दहावीला शाळेतून बसतात, तसं शाळेत न जाता बाहेरूनही बसता येतं. त्यासाठी हा फॉर्म भरतात. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, जे पोटापाण्याला लागले, त्यांच्यासाठी ही सोय, आणि सोय चांगली आहे. आमच्या शाळेने तिचं काय केलं ते ऐका. नववीचा निकाल लागला की कच्च्या मुलांची यादी निघते. त्यांच्या पालकांना बोलावून सांगायचं, 'याला दहावी झेपणार नाही, वर्ष वाया जाईल, सतरा नंबर भरा, निवांत अभ्यास करू दे.' पालकांकडून अर्ज घ्यायचा आणि मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा. मग ते मूल नापास झालं तर ते बाहेरचं. आमचा निकाल शंभर टक्के. फाटकावर फ्लेक्स, त्यावर सगळ्या शिक्षकांचे फोटो, आणि पुढच्या वर्षी प्रवेशाला रांग.

मी वर्गशिक्षक होतो. माझ्या चोपन्न मुलांतून यादीत सहा नावं आली आणि त्यात सायली होती. पास असून का, असं मी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "छत्तीसवाली बोर्डात बत्तीसवर येते. मला काठावरचं कुणी नकोय." मी यादीची घडी करून खिशात घातली. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते हेच.

बाळाराम भोपी पहिली पाळी संपवून आला होता. कपड्यांना कारखान्याचा वास, डोळ्यांत झोप. मी त्याला चहा पाजला. मुलीवर ताण नको, तिच्या भल्यासाठीच, परीक्षा तीच असते, प्रमाणपत्रही तेच, असं सगळं मी गोड आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमी सांगाल तसं. तुमी शिकलेली मानसं." अर्ज मीच लिहून ठेवला होता. 'मी माझ्या पाल्यास स्वेच्छेने शाळेतून काढून घेत आहे.' स्वेच्छेने हा शब्द मी त्याला वाचून दाखवला नाही. त्याने जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर जोडत सही केली आणि जाताना मला हात जोडले. आज हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण जाऊन जाऊन कुणावर जाणार?

ताई पुढच्या शुक्रवारी आल्या त्या थेट मोठ्या सरांच्या खोलीत. मोठ्या सरांनी मलाही तिथे बोलावून घेतलं.

"पोरगी पास हाय?" ताईंनी विचारलं.

"पास आहे, पण..." मोठे सर म्हणाले.

"मंग 'पन' कसला?"

"हे बघा ताई, शाळेने कुणावर जबरदस्ती केलेली नाही. पालकांनी स्वतःहून अर्ज दिलाय. इथं स्पष्ट लिहिलंय, स्वेच्छेने. खालची सही तुमच्या भावाचीच आहे ना?"

ताईंनी अर्ज हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. वर्षभर दर आठवड्याला त्या माझे लाल शेरे वाचत आल्या होत्या.

"सही त्याची हाय," त्या म्हणाल्या. "अक्षर सरांचं हाय."

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सर? पालकांनी स्वतःहूनच दिला ना अर्ज?"

मी म्हणालो, "हो."

नोकरी होती, घराचे हप्ते होते, मुलगा अकरावीला होता. ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. त्या वेळी यातलं एकही मनात नव्हतं. समोर साहेब होता आणि तोंडातून 'हो' निघालं, एवढंच.

ताई ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, त्याची घडी सरळ केली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वगललेल्या पोराचे मार्क काढायला तुमी शिकवता, सर. त्याला परत आत घ्यायचं गनित कंच्या पुस्तकात हाय, ते सांगा. मी सोडवून आनते." आणि गेल्या. त्यानंतरच्या शुक्रवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

जूनमध्ये हजेरीपटावर अठ्ठेचाळीस नावं उरली होती. मला जुन्या क्रमाची सवय होती. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी हजेरी घेताना सायलीचं नाव घेऊन टाकलं. तिच्या मैत्रिणीने खाली मान घातली. त्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी गेलो नाही. रिक्षा करून कॅम्प पाचला गेलो.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातली यंत्रं बंद होती. वरच्या माळ्यावर लांबलचक कटिंग टेबल, त्यावरचं कापड एका बाजूला गुंडाळलेलं, आणि मोकळ्या जागेत वह्या उघडून चार मुलं बसलेली. चारही माझ्या यादीतली, सायली त्यांतच. ताईंनी त्यांची घरं हुडकून काढली होती, मोरिवलीपासून चिखलोलीपर्यंत. चौघांचे फॉर्म भरले होते, कागदपत्रांसाठी कुणाकुणाच्या दारात खेटे घातले होते. पाचवा पोरगा टेम्पोवर कामाला लागला होता, तो येत नव्हता. सहावी मुलगी अंबरनाथला मावशीकडे राहून शिकायची. दाखला हातात आल्यावर बाप तिला बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावर परत घेऊन गेला. ताई दोन शुक्रवार तिकडे जाऊन आल्या. मुलगी भाताच्या लावणीला गेलीय, एवढंच उत्तर मिळालं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

"ताई, मी माफी मागायला..."

"ती नंतर," त्या वर न बघता म्हणाल्या. "आधी ह्या पोराचं वर्गसमीकरन बघा. मना अवयव पाडता येतात, ते सूत्र घालायचं आलं की भेजा चालत नाय. बसा तिकरं."

मी बसलो. त्या वर्षी मी आठवड्यातून तीन दुपारी तिथे बसलो. सकाळची शाळा सुटली की पोळीभाजीचा डबा घेऊन कॅम्प पाच. सूत्राने सोडवायची वर्गसमीकरणं आणि संभाव्यता माझ्याकडे, बाकी सगळं ताईंकडे. मध्यक शिकवताना त्यांनी चार पोरं आणि तीन कारागीर उंचीप्रमाणे रांगेत उभे केले आणि मधल्याच्या छातीवर खडूने फुली मारली. मालक जिना चढून वर आला, कपाळावर हात मारून म्हणाला, "अदी, ये मेरा कारखाना है के पाठशाला?" ताई म्हणाल्या, "साईं, आप बीच में खडे रहो, बराबर आठ होंगे, फिर दो का बीच निकालना सिखाती हूँ." तो खरंच उभा राहिला.

माझ्याशी मात्र त्या गणितापलीकडे एक शब्द बोलत नव्हत्या. चहा आला की पोरांना कप, मला कप, पण 'घ्या' नाही. माझ्या एका पायरीत चिन्ह चुकलं तेव्हा त्यांनी पोरांसमोर माझ्या हातात खडू दिला आणि आडवी रेघ मारायला लावली. मी मारली. एकदा न राहवून मी परत माफीचं काढलं. "मना कनाला मागता?" त्या म्हणाल्या. "माजा दाखला काढला नाय तुमी." मी सायलीची माफी मागितली. ती इतकी लाजली की तिला पळायला जागा सापडेना. "जाऊ द्या ना सर," एवढंच म्हणाली. पंधरा वर्षांच्या पोरीला मी अशा अडचणीत टाकलं, त्याचीही माफी मागायला हवी होती.

निकाल लागला. सायलीला गणितात सत्तेचाळीस. चौघांतले तिघे पास झाले. एक मुलगा दोन विषयांत राहिला. मी पेढे घेऊन माळ्यावर गेलो आणि दारातूनच म्हणालो, "ताई, चारातले तीन!"

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"सहातले तीन," त्या म्हणाल्या. "चारातले नाय, सर. तुमची शाला असंच करते. वरचा आकडा सगले बगतात. खालचा कोन बदलतो, त्याच्यावर डोला ठेवा."

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. मला वाटलं होतं, आज तरी त्या माझ्याशी नीट बोलतील. सायलीने पुडा सोडला. ताईंनी एक पेढा घेतला, अर्धा तिला भरवला, अर्धा स्वतः खाल्ला. मग म्हणाल्या, "शालेच्या फाटकावर तुमचा फोटो बगितला. बरा आलाय." फ्लेक्सवर शंभर टक्के होतं, आणि खाली डावीकडून तिसरा मी.

पुढच्या मे महिन्यात मी एकही अर्ज लिहिला नाही. मोठ्या सरांनी माझं वर्गशिक्षकपद काढून दुसऱ्याला दिलं. अर्ज त्याने लिहिले. मग मी दुसरा उद्योग सुरू केला. यादी लागली की पत्ते मिळवायचे आणि पालकांना शाळेत बोलावण्याआधी त्यांच्या घरी जायचं. 'सही करू नका. मुलगा पास आहे, त्याला कुणी काढू शकत नाही. लेखी मागा.' एवढंच सांगायचं. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. काही जण मलाच विचारतात, "मग तुम्ही त्याच शाळेत कसे काय, सर?" मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि ती मी कपाटात ठेवली आहे. मी शूर झालो असं कुणी समजू नये. दर वेळी दारावर थाप मारण्याआधी गल्लीत शाळेतलं कुणी नाही ना ते मी बघून घेतो, आणि बदलापूरचे हप्ते अजून फिटलेले नाहीत.

ताईंना हे सगळं कळत होतं. त्या शाबास म्हणाल्या नाहीत. फक्त फोन करायच्या, "यंदा किती?" मी आकडा सांगायचो. "थांबले किती?" तोही सांगायचो. फोन बंद.

त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. पंचवीस वर्षं कापडाची धूळ खाल्ली होती, त्याने झालं की कशाने, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नाही. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. भेटायच्या वेळी दुपारी गेलो तेव्हा सायली उशाशी बसून होती. ती आता कॉलेजला होती, मांडीवर पुस्तक उघडं. ताई पार वाळल्या होत्या. बोटांचा निळा रंग मात्र तसाच होता. मी स्टूल ओढून बसलो. बरं वाटतंय का, असं काहीतरी विचारलं. ही आमची शेवटची भेट.

त्यांनी नाकावरची नळी बाजूला केली. सायली नको नको म्हणत होती.

"यादी लागली?"

"लागली."

"किती?"

"चार."

"सह्या?"

"पालकांना उद्या सकाळी बोलावलंय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मोठ्या सरांच्या खोलीत पाहिलं होतं तसंच. इतक्या वर्षांत त्या नजरेतलं काहीही कमी झालं नव्हतं, आणि का व्हावं?

"मंग हितं काय करताय?"

"ताई, तुम्हाला भेटायला..."

"मना काय भेटताय? मी सही करनार हाय?" त्यांना खोकला आला. सायलीने पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. "उटा, सर. चार घरं हायेत. सांज होईल."

मी उठलो. सायली दारापर्यंत आली आणि परत फिरली. बाहेर ऊन रणरणत होतं. खिशातला पत्त्यांचा कागद काढला आणि रिक्षावाल्याला हात केला. पहिलं घर मोरिवलीत होतं.